सालाझारचं वाईट साल: पोर्तुगाल, १९६१

१९६० च्या ऑगस्टमध्ये लिस्बनला तेजो नदीच्या काठी एका अवाढव्य दगडी स्मारकाचं उद्घाटन झालं. सागरी मोहिमांना पाठबळ देणाऱ्या पोर्तुगीज राजपुत्र हेन्रीच्या मृत्यूला पाचशे वर्षं झाली होती, त्याचं निमित्त. आकार जहाजाचा. पुढच्या टोकाला खुद्द हेन्री, आणि त्याच्यामागे दोन्ही अंगांना दर्यावर्दी, सेनानी, धर्मगुरू रांगेने उभे. वास्को द गामा आहे, अफोंसो द आल्बुकेर्क आहे, संत फ्रान्सिस झेवियरही आहे. सोहळा थाटात झाला, परदेशी पाहुणे आले. सोळा महिन्यांनी त्याच आल्बुकेर्कच्या नावाची युद्धनौका गोव्यात बांबोळीच्या किनाऱ्याला रुतून पडली होती.

मधल्या काळात पोर्तुगालवर जे गुदरलं ते सलग मांडून पाहण्यासारखं आहे. आपल्याकडे १९६१ म्हटलं की १९ डिसेंबर आठवतो आणि बाकीचं वर्ष कोणी विचारत नाही. पण लिस्बनमध्ये बसून पाहिलं तर गोवा हा त्या वर्षातला शेवटून दुसरा तडाखा होता. आधी जे घडलं त्यानेच गोव्याचा निकाल बराचसा ठरवून टाकला होता, आणि माझ्या मते त्या वर्षाचा कळीचा दिवस डिसेंबरात नसून एप्रिलात आहे.

वर्ष सुरू होण्याआधीचा पट

अंतोनियो द ऑलिव्हेरा सालाझार हा कोइंब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक. १९२८ मध्ये अर्थमंत्री झाला, १९३२ पासून पंतप्रधान. १९६१ उजाडलं तेव्हा तो ७१ वर्षांचा होता आणि त्याच्या सत्तेला जवळपास तीन दशकं होत आली होती. हिटलर, मुसोलिनी इतिहासजमा झाले, हा राहिला. गणवेश नाही, बाल्कनीतून आरोळ्या नाहीत. खोलीत बसून फायली वाचणारा, क्वचितच देशाबाहेर जाणारा आणि आफ्रिकेतल्या किंवा आशियातल्या एकाही वसाहतीत पाऊल न ठेवलेला माणूस. त्याच्या हाताशी ‘पिडे’ ही गुप्त पोलिस यंत्रणा होती आणि वर्तमानपत्रांचा मजकूर निळ्या पेन्सिलीने कापणारी सेन्सॉरशिप होती.

वसाहतींबाबत त्याने १९५१ मध्येच एक कायदेशीर हातचलाखी करून ठेवली होती. वसाहती हा दर्जाच रद्द केला आणि अंगोला, मोझांबिक, गोवा हे सगळे ‘सागरापारचे प्रांत’ ठरवले. म्हणजे पोर्तुगालकडे वसाहती नाहीतच, तेव्हा त्या सोडण्याचा प्रश्न कुठे येतो? संयुक्त राष्ट्रांना हा युक्तिवाद पटला नाही. १९६० च्या डिसेंबरात आमसभेने ठराव करून पोर्तुगीज प्रदेशांची यादीच केली आणि हे सगळे परतंत्र प्रदेश आहेत असं नोंदवलं. यादीत गोवाही होता.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. १९५८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत हवाई दलाचे जनरल उंबेर्तो देल्गादो विरोधात उभे राहिले. निवडून आल्यावर सालाझारचं काय करणार, असं पत्रकाराने विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘अर्थातच, बडतर्फ करणार!’ लोक रस्त्यावर उतरले. मतमोजणी सरकारच्या हातात, त्यामुळे निकाल लागायचा तोच लागला आणि अ‍ॅडमिरल आमेरिको तोमाश राष्ट्राध्यक्ष झाले. पण सालाझार इतका हादरला की पुढच्याच वर्षी त्याने राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक कायमची बंद करून टाकली. देल्गादो ब्राझीलच्या वकिलातीत आश्रयाला गेले आणि तिथून परागंदा झाले.

मतपेटीचा रस्ता असा बुजवल्यावर विरोधकांकडे काय उरलं? एक जहाज, एक विमान आणि एक लष्करी बराक. १९६१ मध्ये तिन्ही वापरून झालं.

सांता मारिया

२२ जानेवारीच्या पहाटे कॅरिबियन समुद्रात ‘सांता मारिया’ हे पोर्तुगीज प्रवासी जहाज दोन डझन हत्यारबंद माणसांनी ताब्यात घेतलं. जहाजावर सहाशेच्या आसपास प्रवासी आणि तीनशेहून जास्त कर्मचारी होते. नेता होता कॅप्टन एन्रिके गाल्व्हांव, वय ६५.

हा गाल्व्हांव मोठा विलक्षण माणूस. तरुणपणी सालाझारचा कट्टर समर्थक, वसाहतींच्या प्रशासनात वरिष्ठ निरीक्षक. अंगोलात मजुरांना कसं वेठीला धरलं जातं याचा एक जळजळीत अहवाल त्याने १९४७ मध्ये दिला. अहवाल दाबला गेला, गाल्व्हांव सालाझारविरुद्ध फिरला, मग तुरुंगात गेला, १९५९ मध्ये लिस्बनच्या इस्पितळातून निसटला. आता तो देल्गादोंच्या नावाने जहाज पळवत होता. बेत असा की अटलांटिक ओलांडायचा, आफ्रिकेचा किनारा गाठायचा आणि अंगोलात सालाझारविरोधी सरकार जाहीर करायचं.

बेत फसला तो एका माणुसकीच्या निर्णयाने. जहाज ताब्यात घेताना झालेल्या झटापटीत नासिमेंतो कोश्ता हा तरुण अधिकारी ठार झाला आणि इतर काही जखमी झाले. जखमींना उपचार मिळावेत म्हणून गाल्व्हांवने त्यांना सेंट लुसिया बेटाजवळ होडीतून उतरवलं. त्या क्षणी जगाला बातमी कळली आणि अमेरिकी, ब्रिटिश नौदलं शोधाला लागली. अखेर २ फेब्रुवारीला ब्राझीलच्या रेसिफे बंदरात प्रकरण संपलं. नव्यानेच सत्तेवर आलेले अध्यक्ष जानियो क्वाद्रोस यांनी सगळ्यांना आश्रय दिला.

सालाझार सरकारने याला चाचेगिरी म्हटलं आणि मित्रराष्ट्रांनीही तसंच म्हणावं असा आग्रह धरला. अमेरिकेने सुरुवातीला मानलं, मग मागे घेतलं. बारा दिवस जगभरच्या वर्तमानपत्रांत पोर्तुगालच्या हुकूमशाहीची चर्चा पहिल्या पानावर होती आणि गाल्व्हांवला हवं होतं ते हेच. नासिमेंतो कोश्ताचा मात्र नाहक बळी गेला. लोकशाहीच्या बाजूने लिहिणारे त्याचं नाव चटकन ओलांडून पुढे जातात, हे मला खटकतं.

जहाज अंगोलाकडे येतंय या अफवेने परदेशी पत्रकारांचा एक जथा लुआंडात येऊन थडकला होता. जहाज आलंच नाही. पत्रकार मात्र तिथेच होते, आणि ४ फेब्रुवारीला त्यांच्या डोळ्यांदेखत बातमी घडली.

अंगोला पेटतं

त्याआधीच, जानेवारीत, बाइशा द कासांजे या भागात कापूस पिकवणाऱ्यांचा उठाव सुरू झाला होता. तिथे कोतोनांग ही पोर्तुगीज-बेल्जियन कंपनी. शेतकऱ्याने कापूसच लावायचा, कंपनीलाच विकायचा, भाव कंपनी ठरवणार. लोकांनी बियाणं जाळलं, पूल तोडले, काम बंद केलं. उत्तर म्हणून हवाई दलाने गावांवर बॉम्ब टाकले. किती माणसं मेली याचा हिशेब सरकारने ठेवला नाही, कारण बातमीच बाहेर पडू द्यायची नव्हती. आज अंगोलात ४ जानेवारी हा या हुतात्म्यांचा दिवस म्हणून पाळतात. पोर्तुगालमध्ये त्या वेळी कोणाला काही कळलंही नव्हतं.

४ फेब्रुवारीची गोष्ट वेगळी. लुआंडा शहरात कोयते घेतलेल्या जमावाने तुरुंगांवर आणि पोलिसांवर हल्ले केले. सात पोलिस मारले गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंत्ययात्रेतून सुरू झालेल्या सूडसत्रात गोऱ्यांच्या टोळ्यांनी काळ्या वस्त्यांमध्ये शिरून माणसं वेचून मारली. पत्रकार शहरातच होते, त्यामुळे हे झाकता आलं नाही.

मग १५ मार्च. उत्तर अंगोलात होल्डन रोबेर्टो या स्वातंत्र्यवादी नेत्याच्या संघटनेच्या माणसांनी कॉफीच्या मळ्यांवर एकाच वेळी हल्ले चढवले. बायकापोरांसकट शेकडो गोरे वसाहतवाले कापले गेले, आणि दक्षिणेकडून मळ्यांवर कामाला आणलेले काळे मजूर तर त्याहून किती तरी जास्त. ते क्रौर्य खरंच होतं. त्यानंतरचं पोर्तुगीजांचं प्रत्युत्तरही तितकंच खरं होतं. वर्ष संपेपर्यंत हजारो अंगोलन मारले गेले आणि लाखांहून जास्त सीमा ओलांडून काँगोत पळाले.

योगायोग असा की त्याच १५ मार्चला सुरक्षा परिषदेत अंगोलाच्या प्रश्नावर मतदान होतं. ठराव पुरेशा मतांअभावी फेटाळला गेला, पण अमेरिकेने सोव्हिएत संघाच्या बरोबरीने पोर्तुगालविरुद्ध हात वर केला. नाटोतल्या मित्राविरुद्ध! केनेडी सत्तेवर येऊन दोन महिनेही झाले नव्हते. लिस्बनमध्ये संतापाची लाट उसळली, अमेरिकी वकिलातीसमोर निदर्शनं झाली.

अमेरिकेचा हा ताठरपणा फार टिकला नाही. अझोर्श बेटांवरच्या लाजेश हवाई तळाचा करार १९६२ च्या अखेरीस संपत होता, आणि बर्लिनच्या तणावात तो तळ सोडणं पेंटागॉनला परवडणारं नव्हतं. सालाझारला हे नीट ठाऊक होतं. तो करार रखडवत राहिला आणि वॉशिंग्टनचा आवाज हळूहळू खाली आला.

१३ एप्रिल

आता मी ज्याला कळीचा दिवस म्हणतो तो.

संरक्षणमंत्री जनरल बोतेल्यो मोनीझ हे काही क्रांतिकारक नव्हते. राजवटीचेच माणूस होते. पण आफ्रिकेत लढून हा प्रश्न सुटणार नाही, राजकीय तोडगा काढावा लागेल, या मतावर ते आले होते. त्यांच्याबरोबर लष्करातले बहुतेक वरिष्ठ अधिकारी होते, माजी राष्ट्राध्यक्ष क्राव्हेइरो लोपिश होते आणि लष्कर खात्याचे उपमंत्री कर्नल फ्रान्सिस्को द कोश्ता गोमिश होते. अमेरिकी राजदूताशीही मोनीझ यांचं बोलणं झालेलं होतं.

एवढी ताकद हाताशी असताना त्यांनी काय केलं? सालाझारला पत्र लिहिलं. मग राष्ट्राध्यक्ष तोमाश यांना भेटून सांगितलं की सालाझारला काढा. घटनेनुसार पंतप्रधानाला काढण्याचा अधिकार एकट्या राष्ट्राध्यक्षाचा, म्हणून सगळं रीतसर व्हावं ही इच्छा. तोमाश यांनी नकार दिला आणि सालाझारच्या कानावर घातलं. तरीही मोनीझ वाट पाहत राहिले. १३ एप्रिलला दुपारी सेनाधिकाऱ्यांची बैठक बोलावली.

बैठक भरण्याआधीच रेडिओवरून बातमी आली की संरक्षणमंत्री आणि त्यांचे सहकारी पदमुक्त झाले असून संरक्षण खातं स्वतः पंतप्रधानांनी घेतलं आहे. संपला उठाव. एक गोळी सुटली नाही. रणगाड्यांच्या चाव्या ज्यांच्या हातात होत्या ते शिष्टाचार पाळत राहिले आणि ७१ वर्षांच्या प्राध्यापकाने एका जाहीर निवेदनात त्यांची वासलात लावली.

त्याच दिवशी सालाझारने देशाला उद्देशून छोटंसं भाषण केलं. संरक्षण खातं स्वतःकडे का घेतलं, याचं कारण त्याने एका शब्दात दिलं: अंगोला. आणि पुढचं धोरण सांगितलं: ‘वेगाने आणि पूर्ण ताकदीनिशी’ अंगोलाकडे कूच. आठवड्याभरात ‘नियासा’ या जहाजातून सैनिकांची मोठी तुकडी लिस्बनहून निघाली. धक्क्यावर आया, बायका, रुमाल, बँड. हे दृश्य पुढची तेरा वर्षं पुन्हा पुन्हा दिसणार होतं.

मार्चमधल्या हत्याकांडाची छायाचित्रं लोकांनी पाहिली होती, त्यामुळे लोकमतही तेव्हा सालाझारच्या मागे उभं राहिलं. विरोधकांपैकीही अनेकांना अंगोला सोडून द्यावा असं वाटत नव्हतं. गाल्व्हांवलादेखील नाही! म्हणजे ज्या संकटाने राजवट कोसळायला हवी होती त्यानेच तिला नवा श्वास दिला. हे समजून घेतलं नाही तर सालाझार पुढे इतकी वर्षं कसा टिकला हे कोडं सुटत नाही.

पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट ठरली, ती कोणी बोलून दाखवली नाही. पोर्तुगालसारख्या गरीब देशाकडे जहाजं, विमानं, दारूगोळा, पैसा मोजकाच. तो सगळा अंगोलाकडे वळला. १९५० च्या दशकात, सत्याग्रहांच्या काळात, गोव्यात पोर्तुगीजांचं बरंच मोठं सैन्य होतं. १९६१ संपता संपता तिथे साडेतीन हजारांच्या आसपास माणसं उरली होती, जुनाट बंदुका घेतलेली, विमानविरोधी संरक्षण जवळपास नसलेली.

मधले महिने

मे अखेरीस लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये पीटर बेनेन्सन या वकिलाचा जगभरच्या विस्मृत कैद्यांवरचा लेख छापून आला आणि त्यातून पुढे अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल उभी राहिली. त्यात नावानिशी आलेल्या सहा कैद्यांपैकी एक होता अंगोलाचा कवी-डॉक्टर आगोश्तिन्यो नेतो, पोर्तुगालचा कैदी.

तीनच दिवसांनी, ३१ मे रोजी, बेन्फिकाने बर्नच्या मैदानावर बार्सिलोनाला ३–२ ने हरवून युरोपियन कप जिंकला. लिस्बन रात्रभर नाचलं. कर्णधार जुझे आग्वाश अंगोलात जन्मलेला, मधल्या फळीतला मारिओ कोलुना मोझांबिकचा. सरकारला याहून चांगली जाहिरात कुठून मिळणार? जून महिन्यात मात्र लिस्बन, कोइंब्रा इथे शिकणारे साठेक आफ्रिकी विद्यार्थी गुपचूप सीमा ओलांडून फ्रान्सला निसटले. त्यात पुढे मोझांबिकचे राष्ट्राध्यक्ष झालेले जोआकिम शिसानो होते आणि केप व्हर्देचे राष्ट्राध्यक्ष झालेले पेद्रो पिरिशही.

ऑगस्टच्या पहिल्या तारखेला पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमेने, म्हणजे आजच्या बेनिनने, आझुदाचा किल्ला घेतला. साम्राज्यातला सगळ्यात चिमुकला तुकडा: एक किल्ला, भोवती थोडं अंगण आणि मोजके पोर्तुगीज. निघताना तिथल्या अधिकाऱ्याने किल्ल्याला आग लावली. लोकांना हसू आलं असेल, पण सालाझारच्या सूचनांचा नमुना इथेच दिसतो: द्यायचं नाही, आणि द्यावंच लागलं तर जाळून द्यायचं. सप्टेंबरात नवे वसाहतमंत्री आद्रियानो मोरैरा यांनी आफ्रिकी लोकांना दुय्यम ठरवणारा जुना कायदा रद्द केला. कागदावर सगळे नागरिक झाले. दहा वर्षं आधी केलं असतं तर कदाचित काही अर्थ होता.

१० नोव्हेंबरला कासाब्लांकाहून लिस्बनला येणारं पोर्तुगीज कंपनीचं विमान एर्मिनियो द पाल्मा इनासियो आणि साथीदारांनी ताब्यात घेतलं, लिस्बनवरून अगदी खालून उडवलं, सालाझारविरोधी पत्रकं शहरावर उधळली आणि टँजियरला नेऊन उतरवलं. कोणालाही ओरखडा नाही. दोन दिवसांनी संसदेची निवडणूक होती. विरोधकांनी माघार घेतली, सगळ्या जागा सरकारी पक्षाला.

आणि ४ डिसेंबरची ती गोष्ट तर सिनेमावाल्यालाही सुचली नसती. लिस्बनजवळच्या कॅशियाश तुरुंगातून आठ कम्युनिस्ट कैदी पळाले, तेही सालाझारच्याच चिलखती मोटारीतून. ती जुनी क्रायस्लर तुरुंगाच्या आवारात पडून होती. अंतोनियो तेरेझो या कैद्याने आपण पक्षाशी फितूर झालो असं सोंग दीर्घकाळ वठवलं, पहारेकऱ्यांचा विश्वास मिळवला, गाडी दुरुस्त करण्याचं काम अंगावर घेतलं. एके सकाळी सात साथीदार आत शिरले, गाडी फाटक फोडून बाहेर पडली आणि मागून झाडलेल्या गोळ्या पत्र्यावर आदळत राहिल्या. हुकूमशहाच्या जिवासाठी बनवलेल्या पत्र्याने त्याच्याच कैद्यांना वाचवलं.

याच कॅशियाशमध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा गोवा मुक्तिसंग्रामातले मोहन रानडे कैदेत होते. ते सुटले १९६९ मध्ये, म्हणजे मुक्तीनंतर सात वर्षांनी.

अठरा-एकोणीस डिसेंबर, दोन्हीकडून

गोव्याचा लष्करी तपशील मराठी वाचकाला नवा नाही. नोव्हेंबरात अंजदिव बेटावरून भारतीय बोटींवर गोळीबार झाला, एक मच्छीमार ठार झाला, आणि दिल्लीतला उरलासुरला संयम संपला. १७-१८ डिसेंबरच्या रात्री फौजा हलल्या. दाबोळीचा विमानतळ सकाळीच बॉम्बने उखडला. ‘अफोंसो द आल्बुकेर्क’ने भारतीय फ्रिगेटींशी झुंज दिली, कप्तान जखमी झाला, जहाज किनाऱ्याला लागलं. दीवला लेफ्टनंट ऑलिव्हेरा इ कार्मो आपल्या छोट्या गस्ती बोटीवर लढता लढता मारला गेला. १९ च्या रात्री गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी शरणागतीवर सही केली. भारताचे २२ जवान कामी आले, पोर्तुगीजांचे तीसेक.

लिस्बनच्या बाजूने पाहताना महत्त्वाची आहे ती १४ डिसेंबरची तार. सालाझारने गव्हर्नरला लिहिलं की किमान आठ दिवस तग धरा, तेवढ्यात जगाचं मत वळवता येईल. पुढे असंही लिहिलं की तहाची शक्यता दिसत नाही, पोर्तुगीज युद्धकैदी असणार नाहीत आणि शरण गेलेली जहाजंही नसतील; सैनिक आणि खलाशी विजयी तरी असतील, नाहीतर मृत.

ही तार पाठवणाऱ्याने कुमक पाठवली का? पाठवण्यासारखं काही नव्हतंच. होतं ते अंगोलात होतं. १८९९ च्या करारावर बोट ठेवून ब्रिटनकडे मदत मागितली, ब्रिटनने असमर्थता कळवली. सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचा ठराव ७ विरुद्ध ४ असा मिळत होता, तो सोव्हिएत नकाराधिकाराने पडला. गोव्यातल्या माजी सैनिकांत एक किस्सा सांगतात: रणगाडाविरोधी गोळ्यांसाठी ‘शोरिस’ (म्हणजे डुकराच्या मांसाची सॉसेज) हा सांकेतिक शब्द होता, गोव्याने शोरिस मागवले आणि लिस्बनने विमानातून खरेखुरे शोरिस धाडले. खरा-खोटा देव जाणे, पण सैनिकांना तो खरा वाटला यातच काय ते आलं.

व्हासालो इ सिल्व्हा हे पेशाने लष्करी अभियंते. भारतीय फौजेशी सामना म्हणजे निव्वळ कत्तल, हे त्यांना दिसत होतं. पूल उडवले, रस्ते अडवले, थोडा वेळ काढला. पण पणजीची उध्वस्ती करायच्या फंदात ते पडले नाहीत, आणि साडेतीन हजार पोरांचा बळीही त्यांनी दिला नाही. आदेश मोडला. माझ्या लेखी त्या वर्षात पोर्तुगीज राज्याच्या वतीने कोणी घेतलेला हा सगळ्यात शहाणा निर्णय. याचं श्रेय आपणही त्यांना द्यायला हरकत नाही, कारण वाचलेली माणसं आणि घरं गोमंतकीयांचीही होती.

लिस्बनच्या वर्तमानपत्रांनी मात्र हातघाईच्या लढाया, शेवटच्या गोळीपर्यंत झुंजणारे वीर असं चित्र रंगवलं. नाताळ सुतकात गेला. मग हळूहळू बातमी झिरपली की बहुतेक सगळे जिवंत आहेत, कैदेत आहेत. एरवी अशा बातमीने घरोघरी आनंद झाला असता. सरकारी गोटात ती नामुष्की ठरली.

त्याच १९ डिसेंबरला, लिस्बनच्या आल्कांतारा भागात संध्याकाळी पिडेच्या माणसांनी एका पादचाऱ्याला गाठलं आणि जवळून गोळ्या घातल्या. जुझे दियाश कुएल्यो, वय ३८, शिल्पकार. बरीच वर्षं भूमिगत राहून तो कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यकर्त्यांसाठी खोटी ओळखपत्रं बनवत असे. कलाकाराचा हात त्या कामी आला. गोव्याच्या गदारोळात त्याच्या मृत्यूला जागा मिळणार नव्हतीच, आणि सेन्सॉरने ती मिळू दिली नसतीच. ज्या रस्त्यावर तो पडला त्याला आता त्याचं नाव आहे. मारणाऱ्याला १९७४ च्या क्रांतीनंतर जी शिक्षा झाली ती अगदीच नाममात्र होती, याची चीड तिथे अजून ऐकू येते.

शेवटची रात्र आणि नंतर

३१ डिसेंबरची रात्र. दक्षिणेकडच्या बेजा गावात कॅप्टन व्हारेला गोमिश आणि मानुएल सेर्रा यांच्या नेतृत्वाखाली काही सैनिक व नागरिकांनी बराकीवर चाल केली. जनरल देल्गादो वेषांतर करून देशात शिरले होते, बेजापर्यंत पोहोचलेही. बराकीच्या आत व्हारेला गोमिश गोळी लागून गंभीर जखमी झाले आणि सकाळपर्यंत उठाव मोडला. पाहणीसाठी आलेले लष्कर खात्याचे उपमंत्री जाइमे द फोन्सेका स्वतःच्याच बाजूच्या गोळीला बळी पडले. देल्गादो पुन्हा निसटले. १९६५ च्या फेब्रुवारीत पिडेने त्यांना फसवून स्पेनच्या सीमेवर बोलावलं आणि ठार केलं.

३ जानेवारी १९६२ ला सालाझार संसदेत गोव्यावर बोलणार होता, पण त्याचा आवाज बसला होता. भाषण दुसऱ्याने वाचून दाखवलं. त्यात दोष ब्रिटनचा होता, अमेरिकेचा होता, संयुक्त राष्ट्रांचा होता. लिस्बनचा नव्हता.

गोव्यातले तीन हजारांवर युद्धकैदी मे १९६२ मध्ये परतले. त्यांच्या सुटकेची घाई लिस्बनलाच नव्हती. धक्क्यावर बँड नव्हता, लष्करी पोलिस होते. १९६३ मध्ये व्हासालो इ सिल्व्हा यांना आणि आणखी काही अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आलं. साधनं दिली नाहीत सरकारने, हरण्याचा ठपका मात्र लष्करावर. हा अपमान अधिकाऱ्यांच्या एका सबंध पिढीने मनात ठेवला. १९७० च्या दशकात गिनी या पश्चिम आफ्रिकेतल्या वसाहतीतलं युद्ध हातातून निसटू लागलं तेव्हा तिथल्या कॅप्टन-मेजरांच्या बोलण्यात गोवा येत असे: तीच नामुष्की, तेच खापर पुन्हा आपल्यावर फोडलं जाणार. सालाझारचा वारस मार्सेलो कायतानो याने तर गिनीचे गव्हर्नर जनरल स्पिनोला यांना ऐकवलं होतं की वाटाघाटींपेक्षा सन्मानाने झालेला लष्करी पराभव बरा. १४ डिसेंबर १९६१ च्या तारेचीच ही दुसरी आवृत्ती होती, आणि या वेळी ज्यांनी मरायचं होतं त्यांनी ऐकलं नाही. २५ एप्रिल १९७४ च्या पहाटे त्यांनी रणगाडे लिस्बनमध्ये आणले. बोतेल्यो मोनीझ यांच्यासारखं आधी पत्र लिहिलं नाही.

व्हासालो इ सिल्व्हा यांना त्या वर्षी पद परत मिळालं. सप्टेंबरअखेर राष्ट्राध्यक्ष झाले ते कोश्ता गोमिश, एप्रिल १९६१ मध्ये रेडिओवरच्या निवेदनाने घरी बसवलेले तेच उपमंत्री. त्यांच्या कारकिर्दीत, ३१ डिसेंबर १९७४ रोजी, नवी दिल्लीत पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. करारावर पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरेश यांनी सही केली आणि भारतातर्फे यशवंतराव चव्हाण यांनी.